पायरीवरची पत्रं: मंगळवारी ६० ताटं, शुक्रवारी १८

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की, बेळगावात गणपत गल्लीच्या मागच्या बोळात जिथं माझा टायपिंग क्लास होता, त्या जिन्याच्या पायरीवर परवा दुपारी दोन वाजता जाऊन बसलो, आणि तासाभरात वर जाणारं एक माणूस दिसलं नाही. एकेकाळी त्याच जिन्यावर खांद्याला खांदा लागायचा. ‘सगळे घरात बसून काम करायला लागले, आता पेठेत यायचं कुणी?’ असं मी शेवटी विचारलं होतं. संपादकांनी त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा माझ्याच पुढ्यात आणून टाकला. विचारणाऱ्यानंच उत्तर द्यावं म्हणे. बरं.

मी अर्थशास्त्रातला कुणी नव्हे. १९८४ ते २००६ टायपिंग शिकवलं. मराठीची चार मशीनं, कन्नडची सहा, इंग्रजीची बारा. पुढं त्याच खोलीत झेरॉक्स आणि इंटरनेट. पेठेत एक धंदा मरताना आणि त्याच्याच जागेत दुसरा उभा राहताना दोनदा बघितलंय, माझा अधिकार तेवढाच. पत्र पाठवणाऱ्यांनी नावं छापू नका म्हटलंय, म्हणून गावं तेवढी ठेवलीत. आधी पत्र, त्याखाली माझं उत्तर.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. अकरा वर्षं झाली, मी आणि आमचे मालक बेंगळुरूत मराठहळ्ळीजवळ मेस चालवतो. जेवायला आयटीतली पोरं, निम्मी आपल्याकडचीच. २०२० च्या आधी रोज ११० ताटं जायची. आता सोमवारी ३५, मंगळवारी ६०, बुधवारी ६४, गुरुवारी ५८, आणि शुक्रवारी १८. शनिवार-रविवार बंद. ताट ९० रुपये. भाडं २८ हजार. हाताखाली दोन बायका, प्रत्येकीला १२ हजार. पोरं म्हणतात, ‘मावशी, आता हायब्रिड आहे.’ म्हणजे काही दिवस ऑफिसात, काही दिवस घरून. पोरं घरून काम करायला गावाकडं गेली असतील तर आपणही बेळगावात जाऊन मेस काढू, असं मालकांचं म्हणणं. काय करावं?

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. असं वारागणिक आकडे घालून लिहिणारं माणूस विरळा. तुम्ही आकडे दिलेत, तर आधी हिशेबच मांडू.

आठवड्याची ताटं झाली २३५. एका ताटाला शिधा, तेल, गॅस मिळून ४५ रुपये धरतो. सुटले ४५. आठवड्याला १०,५७५, महिन्याला साडेपंचेचाळीस हजारांच्या घरात. जाणारे किती? भाडं २८ आणि पगार २४, मिळून ५२ हजार. म्हणजे तुम्ही दोघं पहाटे पाचपासून राबताय त्याची मजुरी शून्य, आणि वर महिन्याला साडेसहा हजार पदरचे. तुम्हाला हे कळलेलं असणारच, फक्त कागदावर बघायचं टाळलं असेल. २००४-०५ साली मीही तेच करत होतो. बॅचला पोरं चार आणि मी २२ मशीनींना तेल घालत बसलेला.

आता शुक्रवार तेवढा बाजूला काढा. १८ ताटांतून सुटतात ८१० रुपये, आणि त्या दिवशी दोन बायकांच्या पगाराचाच हिस्सा हजाराच्या वर पडतो. शुक्रवारी दुपारची चूल पेटवू नका. बायकांचा पगार मात्र कापू नका, त्या गेल्या तर मंगळवारी तुमचं कोण? शुक्रवारी त्यांच्याकडून पुढच्या आठवड्याचा मसाला, शेंगाचटणी, कांदा-लसूण करून घ्या.

पण तुमच्या पत्रातली माझ्या डोळ्यांत भरलेली गोष्ट गुरुवारची आहे. ५८ ताटं आणि दुसऱ्या दिवशी १८, मग मधल्या रात्री ती पोरं गेली कुठं? निम्मी आपल्याकडची म्हणता, तर त्यातली बरीच त्या रात्री पाठीवर लॅपटॉपची पिशवी टाकून मॅजेस्टिककडं निघालेली असणार, हुबळी-बेळगाव-कोल्हापूरच्या बसला. शुक्रवारचं काम घरून. त्यांना संध्याकाळी सात वाजता बसचा डबा द्या: तीन चपात्या (भाकरी नको, बसमध्ये वातड होते), कोरडी भाजी, शेंगाचटणी, दहीभात. १०० रुपये लावा. डब्यामागं ५५ सुटले आणि आठवड्याला नुसते ३० डबे गेले, तरी महिन्याला सात हजार होतात. तुमची तूट साडेसहाची आहे.

महिन्याची मेसही आता मोडीत काढा. जो महिन्यातले दहा-बारा दिवस येतो, तो तीस दिवसांचे पैसे कशाला भरेल? २० ताटांचं कार्ड काढा, दोन महिने चालणारं, पैसे आधी. आणि रविवारी रात्री ग्रुपवर विचारून घ्या, कोण कुठल्या वारी येणार. पोरं कंपनीला कळवतात तसं मावशीलाही कळवतील. उरलेला भात फेकायचा वाचला तरी ताटामागं दोन रुपये सुटतील.

एवढं करून मजुरी सुटायला लागली तर ठीक, नाहीतर सहा महिन्यांनी लहान जागा बघायची. भाड्याचा आकडा ११० ताटांच्या काळातला आहे.

आता मालकांचा मुद्दा. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि बेळगावात मेस काढू नका म्हणून सांगा. तुमच्याकडं जेवणारा पोरगा बेळगावात आला की आईच्या हातचं जेवतो की हो! तुमच्याकडून उठलेलं ताट दुसऱ्या मेसमध्ये जाऊन बसलेलं नाही, ते बाजारातूनच उठलंय. हे कळायला मला वेळ लागला. आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत अशी तीन पोरं आहेत. त्यांच्यामुळं चाकांच्या तीन खुर्च्या आल्या, दोन इन्व्हर्टर आले, इंटरनेटच्या वायरी आंब्याच्या झाडावरून गेल्या. पण दुपारच्या जेवणाचा एक रुपया गल्लीबाहेर पडत नाही. अमेरिकेत निकोलस ब्लूम म्हणून प्राध्यापक आहेत, घरून काम या विषयाचा त्यांनी बराच कीस काढलाय. २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्या गटाच्या आकड्यांवरून असा हिशेब निघाला की, न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या ऑफिसाजवळ माणशी वर्षाला सरासरी ४,६०० डॉलरहून जास्त खर्च कमी झाला: जेवण, कॉफी, जाता-येता घेतलेला शर्ट. तिथल्या खानावळवाल्यांचं दुखणं आणि तुमचं दुखणं एकच.

आपल्या माणसांनी हे पूर्वी भोगलंय. खानापूर-चंदगड-आजऱ्याकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती तेव्हा परळ-लालबागला त्यांच्या जेवणाच्या खानावळी घराघरांतून बायका चालवायच्या. त्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि जेवणारेच गावाकडं गेले. त्यांचं दुःख तुमच्यापेक्षा मोठं होतं, पण गिरणीचा भोंगा बंद म्हणजे बंद, चूल ठेवायची का विझवायची हे ठरवता तरी येत होतं. तुमचं गिऱ्हाईक धड गेलंही नाही आणि राहिलंही नाही. म्हणून वार बघून चूल पेटवायला शिकणं आलं.

मी निपाणीचा, सध्या सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला. अमेरिकेतल्या डाऊनटाऊनचे फोटो बघतो: उंच ऑफिसं रिकामी, खाली दुकानांना फळ्या ठोकलेल्या. याला ‘डोनट इफेक्ट’ म्हणतात. आपल्या पेठांचंही असंच होणार का?

डोनट म्हणजे आपला उद्दीनवडा (मेदूवडा) समजा, बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. मध्ये भोक, कडेला माल. अर्जुन रमाणी आणि वर सांगितलेले ब्लूम यांनी २०२१ साली हा शब्द लावला: मोठ्या शहरांच्या मध्यातली माणसं आणि भाडी उपनगरांकडं सरकली. सॅन फ्रान्सिस्कोत तर ऑफिसांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा रिकामी पडली; महामारीआधी रिकाम्या जागेची टक्केवारी एक आकडी होती.

आपलं तसं होईल का, याचं उत्तर तुम्ही फोटोत कशाकडं बघता त्यावर आहे. तिथल्या डाऊनटाऊनमध्ये ऑफिस होतं आणि ऑफिसाच्या आधारानं बाकीचं सगळं होतं. राहायला माणसं लांब. तो एक खांब हलला, मांडव बसला. बेळगावची पेठ ऑफिसांवर कधी उभी राहिलीच नाही. किल्ला १८१८ साली इंग्रजांकडं गेला, कॅम्प वसला, पश्चिमेला पेठ वाढली. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, म्हणजे अर्ध्या तासाच्या चालीवर दोन राज्यांच्या दोन पेठा. आम्हाला सीमा काही आज भेटलेली नाही! खाली दुकान, वर घर, कोपऱ्यावर मारुती. आणि येणारं माणूस एका कामासाठी येत नाही. कडोलीचा शेतकरी शनिवारच्या बाजाराला येतो तेव्हा बियाणं घेतो, डॉक्टरला दाखवतो, मुलीच्या पैंजणाला डाग लावून घेतो, जाताना कुंदा बांधून घेतो. सहा दिवस शेतात, एक दिवस पेठेत. हायब्रिड हायब्रिड म्हणून जे चाललंय ते आमच्या आठवडी बाजाराला शेकडो वर्षं माहीत आहे.

तरी मला काळजी आहे, ती वेगळ्या कारणानं. १९८४ साली माझ्या बोळात रात्री नऊ वाजता वरच्या अकरा घरांत दिवे असायचे. आज दोन. बाकीची कुटुंबं फ्लॅटमध्ये गेली, वर कापडाचे गठ्ठे आले. गठ्ठा दूध घेत नाही, खाली येऊन गप्पा मारत नाही, सकाळी जिन्यासमोर पाणी शिंपडत नाही. वड्याला भोक पाडायला आम्हाला बेंगळुरूच्या कंपन्या लागल्या नाहीत, ते आम्ही हातानं पाडलं. तुम्ही सिव्हिलचे आहात ना? मग शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एका गल्लीतले रात्री नऊचे दिवे मोजा. निपाणीतच मोजा, बेळगावला यायची गरज नाही.

मुलगा बेंगळुरूच्या एका कंपनीत. आजवर नियम महिन्यातून १० दिवस ऑफिसचा होता, म्हणून तो इथं अनगोळला आमच्याजवळ राहायचा. त्या भरवशावर गेल्या वर्षी कर्ज काढून फ्लॅट घेतला. आता मेल आलाय: पुढच्या तिमाहीपासून आठवड्याला ३ दिवस. तो म्हणतो, दोन-तीनच दिवस वाढलेत, जमवतो. फ्लॅट विकावा काय? — एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, मुलाचं गणित चुकलंय. शिक्षकाच्या मुलाचं चुकावं याचं नवल, पण चुकलंय.

महिन्याला १० दिवस आणि आठवड्याला ३ दिवस यांत कंपनीच्या हजेरीत फरक तीन दिवसांचा. बेळगावच्या माणसाला मात्र तो जमीन-अस्मानाचा आहे. महिन्याचे १० दिवस दोन खेपांत उरकता येतात: पाच दिवस, पुन्हा पाच दिवस. एका बाजूला बसचे १० तास धरले तर दोन खेपांचे ४० तास. आठवड्याला ३ दिवस म्हणजे दर आठवड्याला खेप. महिन्याला ८६ तास, आणि आठ-नऊ रात्री गाडीत. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुटते हे खरं, पण ती सकाळी निघून दुपारी पोचवते. तो दिवस ऑफिसला लागत नाही. रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे, आठवड्याला दोनदा तिच्यातच झोपायचं म्हटलं तर चाळिशीत पाठ बोलायला लागेल.

सेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ साली एक गमतीची गोष्ट मांडली. माणूस पायी जावो, घोड्यावर जावो, रेल्वेनं जावो, दिवसाला सरासरी तासभर प्रवास सोसतो. वाहन वेगवान झालं की तो घर लांब नेतो, तास तेवढाच ठेवतो. महिन्याचे झाले ३० तास. मुलाचे जुन्या नियमातले ४० त्याच्या जवळपास होते, म्हणून चाललं. बेंगळुरूतच राहून, रोज तीन तास रस्त्यावर घालवून, महिन्याला १३ दिवस ऑफिस गाठणाऱ्याचे होतात ३९. म्हणजे अनगोळचा तुमचा मुलगा आणि व्हाइटफिल्डला बसमध्ये उभा असलेला त्याचा मित्र आजवर एकाच पारड्यात होते. (रहदारी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२२ च्या यादीत बेंगळुरूच्या मध्यभागात १० किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं लागत होती. तीन तास म्हणजे मी फुगवून सांगत नाही.) ८६ मात्र कुठल्याच पारड्यात बसत नाहीत.

फ्लॅट विकू नका. ज्या नियमानं घ्यायला लावला तो वर्षभरात बदलला, तर ज्या नियमानं विकायला लावतोय तोही बदलेल. बघा ना: टीसीएसनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं की, २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोक ऑफिसात लागतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनीच आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं. विप्रोनं त्याच सुमाराला तीन दिवस केले, इन्फोसिसनं मार्च २०२५ पासून महिन्याला दहा दिवस. एकाच धंद्यातले तीन मोठे, तिघांचे तीन नियम. कंपनीचा मेल म्हणजे इसार नव्हे गुरुजी, त्यावर घर घ्यायचंही नाही आणि विकायचंही नाही. फ्लॅट भाड्यानं द्या, हप्त्यातला काही भाग निघेल. मुलाला तिकडं पीजीत एक खाट घेऊ दे, आणि वर्षभर हप्त्यांचा हिशेब त्यालाच लिहू दे.

आणि त्यानं साहेबाकडं एक अर्ज करावा: तीन दिवस आठवड्याचे न धरता महिन्याचे १२ धरा. मागायला लाजायचं कारण नाही. ब्लूम यांनीच ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६०० च्या आसपास लोकांवर प्रयोग केला, ‘नेचर’ मध्ये २०२४ साली छापून आला. आठवड्याला दोन दिवस घरून काम दिलं, तर नोकरी सोडणारे तिसऱ्या हिश्श्यानं घटले, कामात खोट आली नाही. आणि घट जास्त कुणात? बायकांत, साहेब नसलेल्यांत आणि लांबून येणाऱ्यांत. ५०० किलोमीटर म्हणजे लांबच की!

खडेबाजारात आमची जुनी इमारत. खाली भांड्यांचं दुकान, वर १,४०० चौरस फूट. वरचं ऑफिस सोडून गेल्याला १४ महिने झाले. एक तरुण येऊन म्हणतो, ‘काका, को-वर्किंग करू, घरून काम करणारे येतील. नऊ लाख खर्च तुम्ही करा, उत्पन्न निम्मं-निम्मं.’ करावं काय?

नऊ लाख तुमचे आणि उत्पन्न निम्मं त्याचं. त्या तरुणाचा धंदा चांगला आहे, तुमच्याबद्दल खात्री नाही.

को-वर्किंगची मेख अशी: जागेचा खर्च वर्षांचा, गिऱ्हाईक महिन्याचं. वीवर्क कंपनी जगभर हेच करत होती, लांब मुदतीनं जागा घ्यायची आणि महिन्या-महिन्यानं टेबलं द्यायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमच्या जागेला भाडं नाही हे तुमचं बळ, म्हणून त्यात नऊ लाख घालून ते बळ घालवू नका.

मी परवा तुमच्या गल्लीतून जाताना मान वर करून इमारत बघितली. बहुतेक तुमचीच, खाली घागरी टांगलेली. दर्शनी १६-१७ फूट, आत खोल. उजेड पुढून आणि मागून, मधले चाळीस फूट दिवसा ट्यूबलाइटवर. अमेरिकेतल्या काचेच्या मोठ्या ऑफिसांची घरं का करता येत नाहीत, त्याचं मुख्य कारण हेच आहे: मजला इतका खोल की मधल्या खोल्यांना खिडकी कुठून आणणार, आणि संडासाचे नळ सगळे एकाच कोपऱ्यात. कॅनडातल्या कॅलगरीनं २०२१ पासून रिकामी ऑफिसं बदलून घरं करणाऱ्याला चौरस फुटामागं ७५ कॅनेडियन डॉलर द्यायला सुरुवात केली, तरी प्रत्येक इमारत जमत नाही.

पण तुमच्या आजोबांना याचं उत्तर ठाऊक होतं. मधे चौक होता की नाही? असणारच, आणि कुणीतरी त्यावर स्लॅब टाकला असणार. आमच्या मालकानं १९९१ साली टाकला. आदल्या दिवशीपर्यंत मराठीच्या मशीनवर ऊन पडायचं, दुसऱ्या दिवसापासून दुपारी बारालाही बल्ब. पोरांच्या चुका वाढल्या, मी पोरांना ओरडायचो, चूक स्लॅबची होती. तर नऊ लाखांपैकी लाख-दीड लाख इंजिनिअरला विचारून तिथला उजेड परत आणायला घाला. दुसरा संडास करा. मग जागा कशालाही लागते.

कशाला, तर माझ्या मते अभ्यासिकेला. परीक्षा देणारी पोरं-पोरी खेड्यांतून पहिल्या बसनं येतात, संध्याकाळपर्यंत बसायला जागा शोधतात, महिन्याचे पैसे वेळेवर देतात. मागच्या अंगाला आठ टेबलं घरून काम करणाऱ्यांना ठेवा. गल्लीत लाईट गेली किंवा घरात पाहुणे आले की ते येतील, रोजच्या रोज नाही. त्यांच्या भरवशावर भाडं धरू नका. आणि घरात मानवत असेल तर पुढच्या दोन खोल्या नोकरी करणाऱ्या मुलींना राहायला द्या. तुमच्या दुकानावर रात्री नऊ वाजता दिवा लागेल. निपाणीच्या त्या मुलाला मोजायला एक जास्त.

मी चंदगड तालुक्यात शिनोळीजवळ राहते, बेळगावात साडीच्या दुकानात कामाला. मालकांनी गिऱ्हाइकी कमी म्हणून आम्हा दोघींना आलटून-पालटून बोलवायला सुरुवात केली. आदल्या रात्री फोन येतो. हसून म्हणतात, ‘तुमचं पण हायब्रिड.’ रोजावर पैसे. दुसरी उचगावची, तिला कर्नाटकच्या बसला तिकीट लागत नाही. मला लागतं. महाराष्ट्राच्या एसटीत हद्दीपर्यंत अर्धं तिकीट, पण माझ्या वेळेला एसटी नाही.

बाळ, हसण्यावारी नेऊ नकोस. आयटीवाल्याला घरी बसवतात तेव्हा पगार चालू असतो. तुला घरी बसवलं की रोज बुडतो. त्या दोन गोष्टींना एकच नाव लावणं हा चावटपणा आहे.

बसचं दुखणं सीमेचं, त्यावर माझ्याकडं औषध नाही. बायकांना फुकट बसची शक्ती योजना ११ जून २०२३ पासून आहे, पण ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना. तुझं आधार पलीकडचं. पण आदल्या रात्रीच्या फोनवर औषध आहे. मालकांना म्हण, रोज तेवढाच राहू दे, वार मात्र शनिवारी ठरवून सांगा, पुढच्या आख्ख्या आठवड्याचे. त्यांचा एक रुपया जात नाही, म्हणून ऐकतील. वार कळले की खिडकीवर विचार, तुझ्या मार्गाचा पास किती दिवसांच्या तिकिटात वसूल होतो. तेवढे दिवस भरत नसतील तर पास काढू नकोस. रिकाम्या वारी शिनोळीतच काही मिळतं का बघ, तिथं कारखाने आहेत. आणि एखादं गिऱ्हाईक ‘ती दुसरी मुलगी कुठाय, तिनंच दाखवलेली साडी नेली होती’ असं म्हणालं, तर तुम्ही दोघींनी एकमेकींचं नाव मालकांच्या कानावर घालत जा.

पत्राच्या शेवटी लिहिलंस, दुपारचा डबा माळ्यावर एकटीनं खातेस, कारण उचगावची आता तुझ्या वारी नसते. माझी पायरी तुला सापडेल. मारुतीच्या देवळावरून आत वळलीस की तिसरा जिना, खाली फुलवाली मावशी बसते. तीही दोनलाच डबा उघडते, आणि एकटीच असते. लोणचं तिच्याकडं असतं.